लघवी गळते म्हणजे नेमकं काय बिघडतं?

कुत्री झोपेतून उठते, अंग झाडते आणि पाण्याच्या भांड्याकडे निघून जाते. मागे गादीवर तळहाताएवढा ओला डाग राहतो. तिने तो केलेला नसतो, तो झालेला असतो, आणि तिला त्याची खबरही नसते. घरातली माणसं मात्र लगेच निदान करून मोकळी होतात: वय झालं, लाडावली, थंडी बाधली.

यातलं 'वय झालं' मला सगळ्यात जास्त खटकतं. म्हातारपणी स्नायू सैल पडतात हे खरं आहे. पण मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, मणक्याची दुखणी आणि मूत्राशयातल्या गाठी यांचंही तेच वय असतं, आणि यातल्या कुठल्याही आजारात घरच्यांच्या सर्वात आधी लक्षात येते ती ओली गादीच. वयावर बिल फाडलं की पुढचं सगळं राहून जातं.

दुसरी अडचण औषधांची आहे. गळतीवरची औषधं एकमेकांच्या उलट काम करतात. एक मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसरं तेच तोंड सैल करतं, तिसरं मूत्राशयाच्या भिंतीला जोर लावायला भाग पाडतं. त्यामुळे थेंब दिसला की औषध सुरू, असं इथे चालत नाही. तो थेंब रिकाम्या मूत्राशयातून आला की गच्च भरलेल्या, हे आधी कळावं लागतं. गळतीची सगळी तपासणी या एका प्रश्नाभोवती फिरते असं मी म्हणेन.

साठवण्याचं काम कोण करतं

मूत्रपिंडं दिवसरात्र लघवी तयार करत असतात. निरोगी कुत्र्यात हे प्रमाण साधारणपणे दर किलो वजनामागे तासाला १ ते २ मिलिलिटर असतं. ही लघवी दोन मूत्रवाहिन्यांमधून मूत्राशयात उतरते. मूत्राशय भरत असताना त्याच्या भिंतीतला स्नायू सैल राहतो, म्हणून आत लघवी वाढली तरी दाब फारसा वाढत नाही. त्याच वेळी मूत्राशयाची मान आणि मूत्रमार्ग यांच्याभोवतीचे स्नायू आवळलेले असतात. लघवी करायची वेळ आली की सगळं उलटं होतं: तोंडाचे स्नायू सुटतात आणि भिंत आकुंचन पावते.

या अदलाबदलीची सूत्रं मज्जातंतूंकडे असतात. कंबरेच्या भागातून निघणारे तंतू साठवण सांभाळतात. त्याच्या मागे, शेपटीच्या अलीकडच्या त्रिकास्थी भागातून निघणाऱ्या तंतूंपैकी काही मूत्राशयाला आकुंचन पावायला सांगतात, तर काही बाहेरच्या, इच्छेने आवळता येणाऱ्या स्नायूला धरून ठेवतात. या सगळ्यांना एका तालात चालवणारं केंद्र मेंदूच्या देठात आहे, आणि 'आत्ता नको, बाहेर गेल्यावर' हा निर्णय मेंदूच्या वरच्या थरात होतो. नुकत्या जन्मलेल्या पिल्लात ही यंत्रणा तयार नसते. पहिले साधारण तीन आठवडे आईने मागचा भाग चाटल्याशिवाय त्याला लघवी होत नाही.

एवढं लक्षात आलं की गळतीचे मार्ग मोजकेच उरतात. तोंड कमजोर पडलं, आतला दाब तोंडाच्या ताकदीपेक्षा वाढला, किंवा लघवी तोंडाला वळसा घालून भलत्याच जागी उतरली. चौथा मार्गही आहे, आणि तो गळतीचा नसतोच.

गळतेय की करतेय?

चौथ्यापासूनच सुरुवात करू, कारण गळतीच्या नावाखाली आणलेल्या बऱ्याच जनावरांची गोष्ट तिथेच संपते.

मांजर गालिच्यावर जाऊन व्यवस्थित बसलं, थारोळं केलं आणि मातीची पेटी कोरडी ठेवली, तर ती गळती नव्हे. ते जाणूनबुजून केलेलं आहे. कारण मूत्राशयाची जळजळ असेल, पेटी घाण असेल किंवा घरात दुसरं मांजर छळत असेल, पण मज्जातंतू आणि स्नायू आपलं काम नीट करतायत. नर कुत्रा पाय वर करून सोफ्याच्या कोपऱ्यावर चार थेंब टाकतो, तेही खूण करणं आहे. पाहुणा आल्यावर पोट वर करून, कान पाडून लघवी सोडणारं पिल्लू भीतीने किंवा आनंदाने सोडतं. त्याला रागावलं की ते आणखी सोडतं, त्यामुळे रागावणं हा उपाय तर नाहीच, उलट तो रोग वाढवतो. मेंदूची झीज झालेला म्हातारा कुत्रा बाहेर जायचं असतं हेच विसरतो. सांधे धरलेल्या कुत्र्याला सगळं कळतं, पण दारापर्यंत पोचायला तो उठेपर्यंत वेळ गेलेली असते.

मग येतात जास्त लघवीचे आजार. मूत्रपिंडं निकामी होत चालली असतील, मधुमेह असेल, कुशिंग नावाचा संप्रेरकांचा विकार असेल, मांजरात थायरॉइड वाढलेलं असेल किंवा न काढलेल्या गर्भाशयात पू साठला असेल, तर लघवीचं प्रमाणच खूप वाढतं. स्टेरॉइड, लघवी वाढवणारी औषधं आणि फिट्ससाठी दिलं जाणारं फेनोबार्बिटॉल यांनीही तेच होतं. प्राणी रात्रभर धरू शकत नाही आणि पहाटे घर ओलं होतं. इथे तोंड शाबूत असतं, माल जास्त असतो. पण थोडं कमजोर तोंड आणि जास्त लघवी एकत्र आली की इतके दिवस झाकलेली गळती उघडी पडते. स्टेरॉइड सुरू केल्यावर आठवड्याभरात कुत्री झोपेत ओली व्हायला लागली, हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

याची पडताळणी घरीच करता येते. सकाळी भांड्यात मोजून पाणी ओतायचं, दिवसभरात घातलेलं पाणी त्यात मिळवायचं आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. हे दोन-तीन दिवस केलं की अंदाज पक्का होतो. कुत्रा दिवसाला दर किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने २ लिटर ओलांडले, तर तपास गळतीचा नाही, तहानेचा करायचा. मांजरात ही मर्यादा साधारण निम्मी धरतात. ओलं अन्न खाणारा प्राणी भांड्यातून कमी पितो, हे हिशेबात धरायला हवं. आणि एक गोष्ट आवर्जून: गळती थांबावी म्हणून पाणी तोडू नका. मूत्रपिंडाच्या किंवा मधुमेहाच्या प्राण्याचं पाणी काढून घेतलं तर तो काही तासांत गंभीर होऊ शकतो.

तोंड कमजोर पडतं तेव्हा

मोठ्या वयाच्या मादी कुत्र्यांमध्ये खऱ्या गळतीचं सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे मूत्रमार्गाचा आवळणारा स्नायू सैल पडणं. गर्भाशय आणि अंडाशय काढल्यानंतर हे होतं, बहुतेकदा लगेच नाही तर काही महिन्यांनी किंवा दोन-तीन वर्षांनी. त्यामुळे घरच्यांच्या मनात शस्त्रक्रिया आणि डाग यांचा संबंधच जुळत नाही. अंडाशयातून मिळणारं इस्ट्रोजेन मूत्रमार्गाच्या स्नायूला मज्जातंतूंच्या संदेशाबद्दल संवेदनशील ठेवतं आणि आतलं अस्तर जाड व रक्तपुरवठा चांगला राखतं. ते गेलं की पकड हळूहळू ढिली होते. मूत्राशयाच्या आणि मूत्रमार्गाच्या भिंतीतही बदल होतात, म्हणजे सगळा दोष एका इस्ट्रोजेनचा नाही. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे तिला राखीव ताकद मुळात कमी.

किती जणींना होतं? १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ४१२ माद्यांपैकी सुमारे २० टक्के गळत होत्या. २० किलोपेक्षा जास्त वजनाच्या माद्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं आणि लहान माद्यांत १० टक्क्यांच्या आत. इंग्लंडमधल्या साध्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये निघालेला आकडा मात्र सगळ्या माद्या मिळून ३ टक्क्यांच्या थोडा वर आहे. दोन आकड्यांत एवढी तफावत का, याचं बरंचसं उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. पहिल्यात मालकांना मुद्दाम विचारलं गेलं, तेही फक्त शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांबद्दल. दुसऱ्यात शस्त्रक्रिया न झालेल्याही होत्या, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहिलं तेवढंच मोजलं गेलं. डॉबरमन, आयरिश सेटर, बॉक्सर, ओल्ड इंग्लिश शीपडॉग या जातींना धोका जास्त असतो. लठ्ठपणाही त्यात भर घालतो.

याचा अर्थ शस्त्रक्रियाच करू नये असा कुणी काढू नये. न काढलेल्या गर्भाशयात पू होणं जिवावर बेततं, आणि गळती त्रासदायक असली तरी बहुतेकींत औषधाने आटोक्यात येते. मात्र मोठ्या जातीच्या मादीची शस्त्रक्रिया कोणत्या वयात करायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवण्यासारखं नक्कीच आहे.

ही गळती ओळखायची खूण म्हणजे वेळ. जागेपणी, चालताना-खेळताना मादी कोरडी असते. आडवी झाली, गाढ झोपली की पोटातला दाब मूत्राशयावर येतो, स्नायू ढिले पडतात आणि लघवी निसटते. बाहेर नेलं की ती एरवीसारखीच बसून भरपूर लघवी करते, धार नीट असते, जोर लावावा लागत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर अनुभवी डॉक्टरचा अंदाज दहा मिनिटांत तयार होतो. तपासण्या होतात त्या तो अंदाज पक्का करायला आणि दुसरं काही लपलेलं नाही ना, हे पाहायला.

नर कुत्र्यातही असा स्नायू कमजोर पडतो, पण कमी वेळा, आणि त्याच्यावरचे उपचार तितके यशस्वी होत नाहीत. नर गळत असेल तर प्रोस्टेटकडे, म्हणजे मूत्रमार्गाभोवतीच्या ग्रंथीकडे, आधी पाहावं.

पिल्लू कधीच कोरडं नसतं

काही पिल्लं, त्यातही मादी, नव्या घरी येतात तेव्हापासूनच ओली असतात. मालक शिकवून थकतो. बाहेर नेलं तर पिल्लू लघवीही करतं, मग आत आल्यावर पुन्हा थेंब पडतात. शेपटीखालचे केस कायम चिकट, कातडी लाल. आईजवळ असताना ती चाटून साफ करायची, म्हणून तिथे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

इथे संशय घ्यायचा तो जागा चुकलेल्या मूत्रवाहिनीचा. जन्मापासूनच एक किंवा दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयात न उघडता त्याच्या मानेच्या पुढे, मूत्रमार्गात किंवा क्वचित योनिमार्गात उघडतात. लघवी साठवण्याच्या टप्प्याला वळसा घालून थेट बाहेर येते. एकच बाजू चुकलेली असेल तर दुसऱ्या बाजूने मूत्राशय नीट भरतं, म्हणून पिल्लू मधूनमधून व्यवस्थित लघवी करताना दिसतं आणि सगळ्यांचा गोंधळ उडतो. गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रेडॉर, सायबेरियन हस्की, न्यूफाउंडलँड या जातींत हा दोष जास्त दिसतो, मांजरांत क्वचित. नरांत मूत्रमार्ग लांब असल्याने कधीकधी थेंबही बाहेर येत नाही आणि दोष वर्षानुवर्षं कळत नाही.

कुत्र्यांत बहुतेक वेळा ही मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीला बाहेरून योग्य जागीच चिकटते, पण आत उघडण्याऐवजी भिंतीतून बोगद्यासारखी पुढे सरकते. म्हणूनच साध्या सोनोग्राफीत ती निसटू शकते. रंगद्रव्य देऊन काढलेला सीटी स्कॅन किंवा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून केलेली तपासणी जास्त भरवशाची. दुर्बिणीचा फायदा असा की त्याच वेळी लेझरने तो बोगदा कापून उघडता येतो. एवढं करूनही बऱ्याच पिल्लांत थोडी गळती राहते, कारण त्यांचा आवळणारा स्नायूही जन्मतःच कमजोर असतो. शस्त्रक्रियेआधी हे मालकाला सांगितलं गेलं नाही, तर नंतर डॉक्टरवर उगाच ठपका येतो.

शिंगरू आणि वासरात जन्मजात गळतीची जागा वेगळी असते. गर्भात असताना मूत्राशय नाळेला जोडणारी नळी जन्मानंतर बंद व्हायला हवी. ती उघडी राहिली तर बेंबीतून लघवी टिपकते. बेंबी ओली दिसली की तिथे जंतुसंसर्गही शोधावा लागतो, कारण तो तिथून रक्तात आणि सांध्यांत शिरतो.

भरून वाहणारं मूत्राशय

आता तो प्रकार, ज्यात चूक महागात पडते. मालक सांगतो, 'सारखी थेंब थेंब लघवी होतेय.' प्रत्यक्षात लघवी होतच नसते. टाकी तुडुंब भरली की वरून सांडते, तसं चाललेलं असतं.

सर्वात घाईचं उदाहरण बोक्याचं. त्याचा मूत्रमार्ग टोकाकडे इतका अरुंद असतो की चिकट स्राव आणि स्फटिक यांचा छोटासा बुच त्याला पुरतो. बोका पुन्हापुन्हा पेटीत जातो, बसून राहतो, ओरडतो, मागचा भाग चाटतो. बऱ्याच घरांत याला बद्धकोष्ठ समजलं जातं. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. बोका उलट्या करायला लागला, गळून पडला, तर वेळ हातातून चाललेली आहे. पूर्ण अडलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. इथे 'उद्या नेऊ' हा पर्याय नाही.

दुसरं कारण मज्जातंतूंचं. मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जू दबला, आणि दाब कंबरेच्या वरच्या भागात असेल, तर मूत्राशयाचं तोंड आवळलेलंच राहतं. मूत्राशय टणक, हाताने दाबूनही रिकामं होत नाही. इजा त्रिकास्थीच्या भागात असेल तर उलट: मूत्राशय मऊ, सैल, नुसतं उचललं तरी लघवी वाहते. म्हणजे मूत्राशयाचा हाताला लागणारा कडकपणाच इजा कुठे आहे याची दिशा दाखवतो. पहिल्या प्रकारात काही आठवड्यांनी मज्जारज्जू स्वतःच्या बळावर मूत्राशय अधूनमधून रिकामं करायला लागतो. मालकाला वाटतं, सुधारलं. पण प्राण्याला त्याची जाणीव नसते आणि मूत्राशय अर्धवटच रिकामं होतं, त्यामुळे आत उरलेल्या लघवीत संसर्ग घर करतो.

मांजराची शेपटी गाडीखाली किंवा दारात अडकून ओढली गेली, तर शेपटीच्या मुळाशी मणका निखळतो आणि त्याबरोबर मूत्राशयाचे तंतूही ताणले जातात. शेपटी लुळी पडलेल्या मांजराचं मूत्राशय त्याच दिवशी तपासायला हवं, मांजर चालत असलं तरी. शेपटीच्या मुळाशी संवेदना शाबूत असेल तर सुधारणेची आशा चांगली असते. बिनशेपटीच्या मँक्स जातीत तर मणक्याचा शेवटचा भागच जन्मतः अपुरा असू शकतो, आणि त्याबरोबर ही गळतीही येते.

मोठ्या जातीच्या नर कुत्र्यांत कधीकधी आणखी विचित्र प्रकार दिसतो: धार सुरू होते आणि मध्येच तुटते. मूत्राशय आकुंचन पावतं, पण तोंड त्याच वेळी आवळतं. कुत्रा पाय वर करून उभाच राहतो, चालता चालता थेंब टाकतो आणि मूत्राशय अर्धं भरलेलंच राहतं.

खूप ताणलं गेलेलं मूत्राशय अडथळा काढल्यावरही लगेच काम करत नाही. भिंतीतल्या स्नायूपेशींमधले जोड सुटलेले असतात, आणि ते जुळायला मूत्राशय काही दिवस रिकामं ठेवावं लागतं.

जळजळ, खडे, गाठी

मूत्राशयाला सूज असेल तर थोडी लघवी साठली तरी जोरात कळ येते. प्राण्याला कळतं, तो धावतो, पण पोचत नाही. वारंवार, थोडी थोडी, कधी रक्ताळलेली लघवी ही याची खूण. मागे जंतुसंसर्ग असेल, खडा असेल, किंवा गाठ. स्कॉटिश टेरियरमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका इतर कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त असतो. अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटून पुन्हा पहिल्यासारखं होणारी म्हातारी कुत्री सोनोग्राफीशिवाय सोडू नये.

संसर्गाबाबत एक गल्लत नेहमी होते. गळणाऱ्या प्राण्याच्या लघवीत जंतू सापडले की तेच कारण समजून उपचार थांबतात. पण तोंड सैल असेल किंवा मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल, तर जंतू वर चढतातच. संसर्ग बरा करावा आणि मग पाहावं. गळती राहिली तर संसर्ग परिणाम होता.

मोठी जनावरं आणि ससे

घोड्यात गळती दिसली की बहुधा मज्जातंतूंकडे पाहावं लागतं. घोड्यांच्या हर्पिस विषाणूचा एक प्रकार मज्जारज्जूवर हल्ला करतो: मागचे पाय लडखडतात, शेपटी सैल पडते, लघवी टिपकते. आधी ताप येऊन गेलेला असू शकतो, आणि रोग संसर्गजन्य असल्याने तो घोडा वेगळा ठेवावा लागतो. ज्वारीच्या कुळातलं सुदान गवत सतत चरणाऱ्या घोड्यांतही मूत्राशयाचे तंतू निकामी होतात. घोड्याच्या लघवीत चुन्याचे कण मुळातच भरपूर असतात. मूत्राशय रिकामं होईनासं झालं की ते तळाशी वाळूसारखे बसतात आणि जड गाळ तयार होतो.

गायीत अवघड बाळंतपणानंतर, किंवा माजावर असताना दुसऱ्या जनावराचं वजन पडून शेपटीच्या मुळाशी इजा होते, आणि शेपटीबरोबर लघवीवरचा ताबाही जातो. सशात मणक्याची इजा, मूत्राशयातला चुन्याचा गाळ आणि एन्सेफॅलिटोझून नावाचा परजीवी, ही तीन नावं आधी आठवावीत.

तपासणी कशी पुढे सरकते

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी तपासणी म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ. एक झोपेत गळतानाचा, एक बाहेर लघवी करतानाचा. दवाखान्यात घाबरलेला प्राणी यातलं काहीच करून दाखवत नाही. सोबत काही गोष्टी लिहून न्याव्यात: केव्हापासून, झोपेत की जागेपणी, थेंब की थारोळं, धार कशी, पाणी किती, शस्त्रक्रिया कधी झाली, औषधं कोणती. जो ओला डाग लघवीचा वाटतोय तो योनिमार्गातला स्रावही असू शकतो, म्हणून रंग आणि वास सांगावा. उभी राहिल्या राहिल्या थोडंसं सांडत असेल आणि तेही लघवी करून आल्यावर लगेच, तर लघवी योनिमार्गात साचत असल्याची शंका येते. आत ओढलेल्या बाह्य जननेंद्रियाच्या माद्यांत असं होतं.

मग डॉक्टरचा हात. पोटावरून मूत्राशय चाचपलं जातं, त्यानंतर प्राण्याला बाहेर नेऊन लघवी करू दिली जाते आणि पुन्हा चाचपलं जातं. निरोगी कुत्र्याच्या मूत्राशयात लघवीनंतर दर किलोमागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी उरतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्यात दोन-तीन चमचेही नाही. लघवी करून आलेल्या कुत्र्यात मूत्राशय अजून मोसंब्याएवढं लागत असेल तर प्रश्न गळण्याचा नाही, रिकामं न होण्याचा आहे. शंका असेल तर सोनोग्राफीने किंवा कॅथेटर (मूत्रमार्गातून आत जाणारी बारीक नळी) घालून उरलेली लघवी मोजतात. हे दोन मिनिटांचं काम बऱ्याच ठिकाणी घाईत राहून जातं, आणि माझ्या मते गळतीतल्या निम्म्या चुकांचं मूळ तिथेच आहे.

त्यानंतर मागच्या भागाची मज्जातंतू-तपासणी. डॉक्टर शेपटी उचलून गुदद्वाराच्या कडेला हलकं टोचतात. तंतू शाबूत असतील तर गुदद्वार चटकन आवळतं आणि शेपटी खाली दाबली जाते. दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे करायचं असतं. त्या जागेला आणि मूत्राशयाला त्रिकास्थीच्या त्याच भागातून तंतू येतात, म्हणून तिथे प्रतिसाद नसेल तर मूत्राशयाचाही भरवसा धरता येत नाही. जोडीला चाल, पंजे उलटे ठेवल्यावर ते सरळ करण्याची जाणीव आणि कंबर दाबल्यावर दुखतंय का, हे पाहतात. गुदद्वारातून बोट घालून नराचं प्रोस्टेट आणि मादीचा मूत्रमार्ग चाचपला जातो. मूत्रमार्ग दोरीसारखा जाड, खडबडीत लागला तर गाठीचा संशय येतो.

लघवीचा नमुना सकाळचा पहिला असावा. त्यातली घनता मूत्रपिंडांबद्दल बरंच सांगते: कुत्र्यात १.०३० आणि मांजरात १.०३५ च्या वर असेल तर लघवी घट्ट करण्याची ताकद आहे असं समजतात. १.०१२ च्या खाली, वारंवार, असेल तर जास्त लघवीची कारणं शोधायची. लघवी पातळ असताना सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आणि जंतू विरळ दिसतात, म्हणून नमुना 'स्वच्छ' आला तरी कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं) करावं. कल्चरसाठी लघवी सुईने थेट मूत्राशयातून घेतात, कारण जमिनीवरची किंवा धारेतली लघवी बाहेरचे जंतू घेऊन येते. मूत्राशयात गाठीचा संशय असेल तर मात्र सुई टाळतात, पेशी सुईच्या वाटेने पसरू शकतात. मांजरात साखर एकदाच वाढलेली दिसली म्हणून मधुमेह ठरवत नाहीत. नुसत्या भीतीनेही मांजराची साखर चढते.

रक्ततपासणी, एक्स-रे आणि सोनोग्राफी ही पुढची पायरी. बहुतेक खडे एक्स-रेत दिसतात, पण युरेट आणि सिस्टिनचे पुष्कळदा निसटतात आणि सोनोग्राफीत सापडतात. सीटी आणि दुर्बीण पिल्लांसाठी आणि औषधाला दाद न देणाऱ्यांसाठी. मूत्रमार्गातला दाब मोजणारी यंत्रं मोजक्याच मोठ्या केंद्रांत असतात. रोजच्या कामात त्यांची गरज क्वचित पडते.

मध्यमवयीन, शस्त्रक्रिया झालेली मादी, फक्त झोपेत गळणारी, मूत्राशय रिकामं होणारं, लघवी स्वच्छ: अशा वेळी बहुतेक डॉक्टर पुढच्या तपासण्यांऐवजी औषध देऊन पाहतात, आणि ते योग्यच आहे. फेनिलप्रोपॅनोलामीन मूत्रमार्गाचा स्नायू आवळतं. माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांमध्ये हे पूर्वी असायचं. ते रक्तदाब वाढवतं, म्हणून हृदय आणि मूत्रपिंडाच्या रोग्यात जपून, दाब मोजत द्यावं लागतं. इस्ट्रियॉल हे सौम्य इस्ट्रोजेन दुसरा पर्याय आहे. हीच फेनिलप्रोपॅनोलामीनची गोळी शेजाऱ्याच्या कुत्र्याला लागू पडली म्हणून अडलेल्या नराला दिली, तर तोंड आणखी आवळेल. उलट, मूत्राशयाला आकुंचन पावायला लावणारं बेथानेकॉल बंद तोंडाच्या प्राण्याला दिलं, तर मूत्राशय भिंतीवर डोकं आपटत राहील. अडथळ्याच्या रोग्याला आधी कॅथेटर, किंवा तोंड सैल करणारं प्राझोसिनसारखं औषध लागतं.

निदान होईपर्यंत कातडीची काळजी घरीच घ्यायची असते. ओल्या केसांखाली कातडी सोलवटते, आणि बाहेर राहणाऱ्या जनावरात आणि सशात तिथे माश्या अंडी घालून अळ्या पडतात. मागचे केस कापून आखूड ठेवावेत, कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करावं, अंथरूण ओल शोषून खाली नेणारं असावं. डायपर चालतो, पण ओला झाल्यावर लगेच बदलणार असाल तरच. लहान मुलांना लावायची झिंक ऑक्साइडची मलमं मात्र लावू नयेत. प्राणी ती चाटतो, आणि पोटात गेलेलं झिंक विषारी ठरतं.